कापलेली वीस मिनिटं

थिएटरातून बाहेर आलो तेव्हा गुरुजी चष्मा पुसत होते. मला वाटलं, रडले. विचारलं तर म्हणाले, "धूळ. सिनेमात धूळ फार उडाली."

ऑपरेटर मात्र खरंच रडला होता आणि त्याला त्याची लाज नव्हती. उपरण्याने नाक पुसत म्हणाला, "भाऊ, दोन तास एक्केचाळीस मिनिटं! एकदा घड्याळ पाह्यलं नाही म्या."

"मी चारदा पाहिलं," गुरुजी म्हणाले.

तिथून जे सुरू झालं ते तीन रविवार पुरलं.

ही गोष्ट 2025 च्या फेब्रुवारीतली. 'छावा' 14 तारखेला लागला आणि दुसऱ्या आठवड्यातही जालन्यात तिकिटासाठी ओळख लागत होती. भगवे फेटे बांधून आलेली पोरं होती, लेकरं कडेवर घेतलेल्या बाया होत्या, रोलिंग मिलची शिफ्ट संपवून थेट आलेले गडीही होते. शेवटी एका पोराने उभं राहून गारद दिली आणि अर्धं थिएटर उभं राहिलं. आम्हीही राहिलो. गुरुजी सगळ्यात आधी उभे राहिले, हे इथं नोंदवून ठेवतो, कारण पुढे त्यांनी जे तोंड सोडलं त्यावरून तुम्हाला वेगळंच वाटेल.

गुरुजींनी जिल्हा परिषदेच्या शाळांत बत्तीस वर्षं इतिहास शिकवला. आधी परतूर, मग मंठा, शेवटी बदनापूर. ऑपरेटर चौदाव्या वर्षी एका टॉकीजच्या केबिनमध्ये पोऱ्या म्हणून शिरला आणि टॉकीज बंद पडली तेव्हाच खाली उतरला. तिथे आता मंगल कार्यालय आहे. भोकरदन नाक्याकडे त्याचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे, पण त्याला मोबाइलवाला कुणी म्हणत नाही. त्याचं खरं नाव आधार कार्डावर असेलच. मी या दोघांच्या मधल्या खुर्चीवर बसणारा माणूस. मोतीबागेजवळच्या टपरीवर चहाचे पैसे बहुतेक मीच देतो, म्हणून लिहायचा हक्कही माझा.

पहिल्या रात्री बारा वाजून गेले होते, तरी गुरुजींना झोप नव्हती.

गुरुजी : मला सांग, बुऱ्हाणपूर कधी लुटलं?

ऑपरेटर : पिक्चरच्या सुरुवातीलाच.

गुरुजी : मी साल विचारतोय.

ऑपरेटर : साल तुम्ही सांगा. मी तिकीट काढलं, परीक्षेला नव्हतो बसलो.

गुरुजी : 1681 चा जानेवारी. राज्याभिषेक झाला त्याच महिन्यात. आणि बहुतेक इतिहासकार त्या स्वारीच्या आघाडीवर हंबीरराव मोहित्यांना घालतात. इथं राजे स्वतः, वर सिंहाशी कुस्ती!

ऑपरेटर : हंबीरराव पण आहेत की. आशुतोष राणा. सिंहाचं म्हणाल तर तेवढ्याला दोनशे रुपये फिटले माझे.

गुरुजी : आता एक कर. बुऱ्हाणपूरच्या जागी जालना ठेव.

ऑपरेटर : म्हंजे?

म्हणजे काय ते मला ठाऊक होतं, कारण गुरुजींच्या वर्गात मीही बसलोय. 1679 च्या नोव्हेंबरात शिवाजी महाराज स्वतः जालन्यावर चालून आले. गाव तेव्हा मुघलांच्या मुलखातलं, व्यापाराने गब्बर झालेलं. 'जालना सोने का पालना' ही म्हण आम्ही आजही स्टेशनवर उतरणाऱ्या पाहुण्याला ऐकवतो. साठ किलोमीटरवर औरंगाबादेत शहजादा शाह आलम बसलेला, आणि त्याच्या नाकाखाली चार दिवस पेठ लुटली. सभासदाच्या बखरीत हे 'जालनापूर' म्हणून येतं. परतीच्या वाटेवर संगमनेरजवळ मुघल फौजेने गाठलं, तीन दिवस झुंज झाली, सिधोजी निंबाळकर पडले. बहिर्जी नाइकाने आडवाटेने पट्ट्याच्या किल्ल्यावर नेलं म्हणून महाराज निभावले. त्या किल्ल्याचं नाव पुढे विश्रामगड पडलं. ही महाराजांची शेवटची मोठी स्वारी. पाच महिन्यांत, 3 एप्रिल 1680 ला, ते गेले.

गुरुजी : तू बुऱ्हाणपूरच्या लुटीला शिट्टी मारलीस. बुऱ्हाणपूर काय, जालना काय, दोन्ही मुघलांच्या श्रीमंत पेठा. म्हणजे तू बसलायस लुटलेल्या गावात आणि शिट्टी वाजवतोस लुटणाऱ्याला.

ऑपरेटर : मंग? लुटलं ते औरंगजेबाचं. आणि माझा पणजा तेव्हा इथं नव्हता, तो मंठ्याकडून आला.

गुरुजी : बुऱ्हाणपूरच्या ऑपरेटरचा पणजाही कुठून तरी आलाच असेल. तो थिएटरात कसा बसला असेल, एवढंच मला बघायचंय. तो सिनेमा वाईट म्हणतोय का मी? मी म्हणतोय, लांबरुंद सिनेमात एका वेळी दोन्ही गावं दिसली पाहिजेत. नाहीतर लांबी कशाला हवी?

चहावाला झाकण लावत होता. ऑपरेटरने उठताना एवढंच म्हटलं, "गुरुजी, शिट्टी वाजवताना माणूस नकाशा नाही पाहत."

मला ते वाक्य तेव्हा पळवाट वाटलं. आता तसं वाटत नाही.

पुढच्या रविवारी गुरुजी वही घेऊन आले. दोनशे पानी, पुठ्ठ्याच्या बांधणीची, कव्हरवर विषय लिहायची चौकट असलेली. चौकटीत 'छावा' लिहिलं होतं. ऑपरेटरने ती उलटून पाहिली आणि मला डोळा मारला.

गुरुजी : महाराज इथं जालन्यात होते तेव्हा संभाजीराजे कुठं होते?

ऑपरेटर : आता हे पण विचारणार?

गुरुजी : दिलेरखानाच्या गोटात. 1678 च्या डिसेंबरात मुघलांना जाऊन मिळाले. वर्षभर तिकडे. आणि 1679 च्या नोव्हेंबरात, इकडे बाप जालन्याहून परतीच्या लढाईत असताना, पोरगा रातोरात दिलेरच्या छावणीतून निसटला आणि डिसेंबरात पन्हाळ्यावर आला. जानेवारीत बापलेक भेटले. तीन महिन्यांनी बाप गेला. अरे, यापेक्षा मोठा सिनेमा कुणाला सुचेल? बापाशी भांडून शत्रूकडे गेलेला पोरगा, शरमून परत आलेला, आणि शेवटी त्याच शत्रूसमोर मान न वाकवता मरणारा! गेला नसता तर परत येण्याला काय किंमत?

ऑपरेटर : पण पिक्चर सुरूच महाराज गेल्यावर होतो.

गुरुजी : तेच! सोयीचं तिथून सुरू केलं.

खरं सांगायचं तर इथे मी गुरुजींच्या बाजूचा. चित्रपट माणसाला जितका निष्कलंक करतो तितका तो हलका होतो. विकी कौशलने अंग झोकून काम केलंय, पण त्याच्या संभाजीराजांना पश्चात्ताप करायला दिग्दर्शकाने काहीच ठेवलेलं नाही. उलट अक्षय खन्नाचा औरंगजेब बघा. बसल्या बसल्या टोपी विणणारा, हळू आवाजाचा. त्याच्या वाट्याला कमी बोलणं आलं आणि थकवा आला, म्हणून तो लक्षात राहतो. शेवटचा छळाचा मोठा भाग मी डोळे अर्धे मिटून पाहिला. संगमेश्वरला पकडल्यापासून 11 मार्च 1689 पर्यंत जवळजवळ चाळीस दिवस गेले, ते सोसणं दाखवायलाच हवं. पण त्याआधीची नऊ वर्षं? जंजिरा, गोव्याची मोहीम, वर्षानुवर्षं लढलेला रामशेज? एका माणसाच्या नऊ वर्षांना जी ऐसपैस जागा हवी होती ती त्याच्या शेवटालाच देऊन टाकली.

हे मी बोललो. ऑपरेटरने मान हलवली, पण पटल्याची नव्हे.

ऑपरेटर : भाऊ, तुम्ही पुस्तक वाचल्यासारखा पिक्चर पाहता. मी चाळीस वर्षं केबिनच्या भोकातून पब्लिक पाह्यलं. पडदा नाही, पब्लिक. पडदा तर पाठच असतो. पब्लिक काय करतं? एक रडतो, एक बायकोच्या हाताकडे पाहतो, एक विडी प्यायला उठतो. नऊ वर्षं सारखी सारखी वाटून दिली तर सगळे विडी प्यायला उठतील. कुठंतरी दाबून धरावं लागतं. त्यांनी शेवट दाबून धरला.

गुरुजी : म्हणजे विडीवाल्यासाठी इतिहास?

ऑपरेटर : त्यानं पण तिकीट काढलंय ना!

गुरुजींनी वहीतलं पुढचं पान उघडलं आणि आवाज खाली आणला. वर्गात महत्त्वाचं सांगताना ते असंच करत. मागच्या बाकावरची पोरं आपोआप पुढे झुकत. त्या दिवशी त्यांनी जे सांगितलं ते सिनेमापेक्षा मोठं होतं, म्हणून थोडं थांबून लिहितो.

संभाजीराजांची आज आपल्या डोळ्यांपुढे जी मूर्ती आहे, ती शंभर वर्षांपूर्वी नव्हती. बखरींनी त्यांना व्यसनी, उतावळा, वडिलांचं राज्य घालवणारा ठरवलं होतं आणि रंगभूमीने त्या बखरींवर नाटकं उभी केली. राम गणेश गडकऱ्यांचं अपुरं राहिलेलं 'राजसंन्यास' याच समजुतीवर उभं आहे. चित्रपटही मागे नव्हता. भालजी पेंढारकरांचा 1941 चा 'थोरातांची कमळा' त्याच रंगेल संभाजीराजांचा. प्रेक्षक तेव्हाही थिएटर भरत होते, तेव्हाही कुणीतरी डोळे पुसतच असणार. मग वा. सी. बेंद्रे नावाचा माणूस आला. उभं आयुष्य कागदपत्रं धुंडाळून त्यांनी 1960 साली 'छत्रपती संभाजी महाराज' हे चरित्र छापलं. त्यानंतर कमल गोखल्यांचं 'शिवपुत्र संभाजी' आलं. वसंत कानेटकरांनी 'रायगडाला जेव्हा जाग येते' आणि 'इथे ओशाळला मृत्यू' लिहून रंगभूमीकडून काहीसं प्रायश्चित्त केलं. 1979 साली शिवाजी सावंतांची 'छावा' कादंबरी आली आणि घराघरात गेली. मग मालिका आली. आणि आता सिनेमा, त्याच कादंबरीवरचा.

ऑपरेटर : म्हंजे नाटक-शिनेमानं बिघडवलं ते शिनेमानंच दुरुस्त केलं. मंग तक्रार काय?

गुरुजी : दुरुस्त बेंद्र्यांनी केलं. सिनेमाने वरून रंग मारला. बेंद्र्यांचं नाव थिएटरातल्या किती जणांना ठाऊक होतं?

ऑपरेटर : मला नव्हतं. आता कळलं. कशामुळं कळलं? पिक्चरवरून आपण भांडलो म्हणून.

गुरुजी गप्प झाले. मला हसू आलं, ते मी चहात बुडवलं.

थोड्या वेळाने गुरुजींनी भाषेचा मुद्दा काढला. रायगडावर सगळे हिंदी बोलतात, येसूबाईसुद्धा, आणि मराठी कादंबरीचा सिनेमा मराठी माणसाला हिंदीत बघावा लागतो. यावर ऑपरेटरने टपरीवाल्याला हाक मारली, "क्या मियाँ, चाय में शक्कर नक्को बोला था ना?" आणि गुरुजींकडे पाहिलं. जालन्यात हा मुद्दा फार वेळ टिकत नाही.

मग ऑपरेटरने त्याचा हुकमी पत्ता काढला. गुरुजींचा जगातला आवडता सिनेमा कोणता, हे सगळ्या गावाला ठाऊक आहे.

ऑपरेटर : गुरुजी, अनारकली कोणत्या बखरीत आहे?

गुरुजी : ...

ऑपरेटर : सांगा की. साल सांगा.

गुरुजी : नाही. अकबरनाम्यात नाही, जहांगीरच्या स्वतःच्या आठवणींतही नाही. लाहोरला त्या नावाची कबर आहे. दंतकथा आहे. तिच्यावर इम्तियाज अली ताज यांनी 1922 साली नाटक लिहिलं, तिथून ती सिनेमांत आली.

ऑपरेटर : आणि 'मुघल-ए-आझम' बावीस वेळा पाह्यला तुम्ही!

गुरुजी : तो इतिहास असल्याचा आव आणत नाही.

ऑपरेटर : सुरुवातीलाच हिंदुस्थानचा नकाशा उभा राहून बोलायला लागतो. आणखी काय आव आणायचा राह्यला?

एवढ्या वर्षांत ऑपरेटरने गुरुजींना इतकं स्वच्छ पकडलेलं मी पाहिलं नव्हतं. गुरुजींनी वही मिटली. पण ते शिक्षक. मार खाऊन गप्प बसतील तर कसले? म्हणाले, "ठीक. पण माझ्या आवडत्या सिनेमालाही मी सोडत नाही. मी आयुष्यभर सांगत आलोय, के. आसिफला लढाई घेता येत नव्हती. भारतीय सैन्यातले जवान उभे केले, घोडे-उंट आणले, बाप विरुद्ध लेक असा सामना, आणि बघता बघता सलीम कैद! एवढा डोलारा, आणि लढाई गुंडाळून टाकली. शाळेत सांगितलं, गॅदरिंगच्या भाषणात सांगितलं. भव्य सिनेमाचा घसा नेमका मोठ्या ठिकाणी बसतो, त्याचं उदाहरण म्हणून."

ऑपरेटरचा कप ओठांपाशी थांबला.

"कुठं पाह्यला होता तुम्ही पहिल्यांदा?" त्याने विचारलं.

"आपल्याच टॉकीजला. मी कॉलेजात होतो. 'शोले' यायचा होता अजून."

"मंग पुढच्या रविवारी बोलू," असं म्हणून तो उठला. चहाचे पैसेही त्यानेच दिले. हे इतकं विचित्र होतं की आम्ही दोघं एकमेकांकडे पाहत राहिलो.

आठवडाभर तो दिसला नाही. तिसऱ्या रविवारी आला तो दाढी करून. गुरुजींचा नातू सुट्टीवर आलेला, तोही सोबत होता. इंजिनिअरिंगचं शेवटचं वर्ष, हातात मोबाइल.

ऑपरेटर : पोरा, तुला रीळ माहीत आहे?

नातू : इन्स्टावरचं?

ऑपरेटर : (कपाळाला हात लावून) हजार फुटांचं एक रीळ. मिनिटाला नव्वद फूट जातात, म्हंजे अकरा मिनिटं. 'मुघल-ए-आझम' तीन तास सतरा मिनिटांचा. हिशेब कर, जवळजवळ अठरा रिळं. लोखंडी पेट्यांत यायची, मीटर गेजच्या गाडीनं. मुंबईवरून नाही बरं का. आपण निजाम सर्किटमध्ये. पेटी हैदराबाद-सिकंदराबादकडून यायची.

इथे वाचकाला एक सांगायला हवं. हिंदी चित्रपटांच्या वितरणात देशाचे जे भाग पाडले होते, त्यात मराठवाडा मुंबईत नव्हता, 'निजाम'मध्ये होता. हैदराबाद संस्थान 17 सप्टेंबर 1948 ला संपलं, 1960 साली आपण महाराष्ट्रात आलो, 1981 च्या 1 मे रोजी जालना वेगळा जिल्हा झाला. वितरकांच्या वहीत मात्र निजामाचं राज्य चालूच राहिलं. औरंगजेबावरचा सिनेमासुद्धा आम्ही निजामाच्या खात्यात पाहतो, हे गुरुजींना अजून कुणी सांगितलेलं नव्हतं. त्यांनी ते वहीत लिहून घेतलं.

ऑपरेटर : दोन मशिनी असायच्या. एक रीळ संपत आलं की पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात वर गोल ठिपका येतो. तो आला की दुसरी मशीन चालू. पब्लिकला कळलं नाही पाहिजे. दिवा म्हंजे कार्बनच्या दोन कांड्या, मधी ठिणगी. कांडी जळत जाते, ती सरकवत राहायची. डुलकी लागली की पडद्यावर संध्याकाळ! खाली लोक बोंबलतात, "ओ ऑपरेटर, झोपला का?" नाव तिथूनच पडलं माझं.

गुरुजी : मुद्द्यावर ये.

ऑपरेटर : मुद्दा हाच आहे. शो किती? बारा, तीन, सहा, नऊ. मधी तीन तास. पिक्चर तीन तास सतरा मिनिटं, वर मध्यंतर, वर न्यूजरील, वर जाहिराती. बसवणार कसं? मालक वर आले. म्हणाले, "पोरा, वीस मिनिटं काढ." मी सतरा वर्षांचा. काय काढू? डायलॉग काढले तर काद्राबादची पोरं केबिन फोडतील, त्यांना पिक्चर तोंडपाठ. शीशमहालाचं गाणं काढलं तर खुर्च्या तुटतील, काळ्या-पांढऱ्यात मधीच ते रंगीत. कव्वालीला नाणी पडायची पडद्यावर, ती कशी काढू? राह्यलं काय?

कुणी बोललं नाही. टपरीवरचा रेडिओ तेवढा चालू होता.

ऑपरेटर : मला वाटलं, लढाईत घोडे तेच ते. ब्लेडनं खरवडलं, सोल्युशन लावलं, जोडलं. लढाईचे तुकडे आणि कमी टाळीचं एक गाणं. शेवटी पेटी परत धाडताना तुकडे जोडून दिले. बहुतेक.

गुरुजी : म्हणजे लढाई...

ऑपरेटर : ती के. आसिफनं नाही गुंडाळली. म्या गुंडाळली.

मी गुरुजींकडे पाहिलं नाही. पाहवलं नाही. पन्नास वर्षं हा माणूस के. आसिफला नापास करत होता.

"पण नंतर टीव्हीवर?" नातवाने विचारलं. "इतक्यांदा लागला की."

उत्तर गुरुजींनी स्वतःच दिलं, फार हळू : "टीव्हीवर लागला की लढाईच्या आधी मी उठून जायचो. म्हणायचो, आता मजा नाही."

"आणि बावीस वेळा?"

"त्यातल्या पंधरा वेळा आपल्याच टॉकीजला."

यानंतर जे झालं ते मला अपेक्षित नव्हतं. मला वाटलं, गुरुजी चिडतील. ते हसायला लागले. खोकला लागेपर्यंत हसले. मग एकदम थांबून म्हणाले, "तू लढाई कापलीस म्हणून मी एका दिग्दर्शकाला नावं ठेवली. आता सांग, 'छावा'त कुणी काय कापलं, हे मला कसं कळणार? लेझीम काढलं ते पेपरात आलं म्हणून कळलं. शिर्क्यांच्या वंशजांनी हरकत घेतली, दिग्दर्शक उतेकरांनी माफी मागितली, तेही पेपरात आलं. दिलेरखान उतेकरांनी लिहिलाच नाही, की लिहून काढला, की काढायला लावला? जालन्याचा तर प्रश्नच नाही. जालना कुणी कापतही नाही, कारण ते कुणी आधी चित्रितच करत नाही."

ऑपरेटर : मंग आपल्या जिल्ह्याचा पिक्चर आपणच काढू. असई घ्या! 23 सप्टेंबर 1803. गोरा साहेब कैलणा नदी ओलांडून आला, शिंद्यांच्या तोफा अशा चालल्या की त्याची दीड हजार माणसं मेली-जखमी झाली. तोच साहेब पुढं नेपोलियनला हरवतो. इथं उत्तरेला, आपल्याच जिल्ह्यात! पाटी वाचलीय म्या.

गुरुजी : त्यात आपण हरलो.

ऑपरेटर : हरलेल्यावरच तर आत्ता थिएटर भरून आलंय.

गुरुजींनी वही उघडून काहीतरी लिहिलं. काय ते दाखवलं नाही. मला वाटतं, पहिल्यांदाच त्यांनी ऑपरेटरचं वाक्य ऑपरेटरच्या नावानिशी लिहिलं असावं.

माझं स्वतःचं मत विचाराल, तर 'छावा' मला अर्धा आवडला आणि उरलेला अर्धा या तीन रविवारांत आवडला. जिथे सिनेमाने जागा सोडली तिथे गुरुजी येऊन बसले, जिथे गुरुजी फार पसरले तिथे ऑपरेटरने त्यांना सरकवलं. थिएटरातून एकटा घरी गेलो असतो तर माझ्याकडे फक्त सिंह आणि साखळदंड उरले असते.

एवढ्यात नातू मोबाइलमधून डोकं वर काढून म्हणाला, "आजोबा, हे बघा. 2004 मध्ये 'मुघल-ए-आझम' पूर्ण रंगीत करून परत रिलीज केला ना? तो 177 मिनिटांचा आहे. मूळ 197."

ऑपरेटरने मोबाइल हातात घेतला. चष्मा कपाळावर चढवला, आकडे दोनदा वाचले, बोटांवर वजाबाकी केली.

"वीस," तो म्हणाला. "गुरुजी, कंपनीनं पण वीसच काढली. तीन तासांत बसायला!"

"कोणती वीस?" गुरुजींनी लगेच विचारलं.

येत्या रविवारी सकाळी नऊला गुरुजींच्या घरी 197 मिनिटांचा काळा-पांढरा लावायचा ठरला आहे. लॅपटॉप नातवाचा, पोहे गुरुजींकडचे. ऑपरेटरला बटणाला हात लावायची बंदी आहे.